मरुभूमीतील वाटा आणि जैसलमेर

१

इ. स. १८७४ च्या आरंभी मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात अधिकारी असलेले संस्कृतज्ञ गेओर्ग ब्यूलर हे आपले तरुण सहकारी हर्मान याकोबी ह्यांना बरोबर घेऊन जैसलमेरला गेले. तेथील किल्ल्यावरच्या जैन मंदिराच्या भांडारात त्यांना एक ताडपत्री पोथी सापडली. बिल्हणाच्या ‘विक्रमाङ्कदेवचरिता’ची ती पोथी होती. दोघांनी मिळून तिची नक्कल उतरून घेतली, आणि पुढच्याच वर्षी, १८७५ मध्ये, मुंबई संस्कृत ग्रंथमालेत ते काव्य छापून निघाले. चालुक्यवंशीय सहाव्या विक्रमादित्याच्या कारकिर्दीचा, म्हणजे दक्षिणेच्या इतिहासातील एका महत्त्वाच्या कालखंडाचा, अभ्यास त्यानंतर वेगळ्या पायावर उभा राहिला.

ही गोष्ट संशोधनाच्या इतिहासात अनेकदा सांगितली गेली आहे. तथापि तिच्यातील विलक्षणपणाकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. कवी काश्मीरचा. त्याचा आश्रयदाता राजा कल्याणीचा. आणि काव्याची पोथी सापडली ती थरच्या वाळवंटातील एका गडावर. शिवाय ती लिहिलेली आहे ताडपत्रावर; आणि ज्याच्या पानांवर अशा पोथ्या लिहिल्या जात तो श्रीताल वृक्ष दक्षिणेकडील आर्द्र किनारपट्टीचा. जैसलमेरच्या पंचक्रोशीत खेजडी, केर आणि बोर ह्यांखेरीज सावली देणारे फारसे काही उगवत नाही. पोथीतील मजकूर परका, तिचा कर्ता परका, नायक परका, आणि तिचे पान न् पान परके. मग ही पोथी तेथे आली कशी?

ह्या प्रश्नाला जे उत्तर सामान्यतः दिले जाते ते असे : जैसलमेर दुर्गम होते, जगाच्या वाटेपासून दूर होते, म्हणून आक्रमकांचे हात तेथवर पोहोचले नाहीत आणि ग्रंथ वाचले. ह्या उत्तरात सत्याचा अंश आहे. कोरडी हवा आणि दगडी तळघरे ह्यांनी पोथ्यांचे रक्षण केले, हे कोणी नाकारणार नाही. परंतु दुर्गमता ग्रंथ राखू शकते. ती ग्रंथ आणू शकत नाही. आणण्यासाठी वाट लागते. पंधराव्या शतकात खरतरगच्छाचे आचार्य जिनभद्रसूरी ह्यांनी ज्या ज्ञानभांडाराची प्रतिष्ठापना केली, त्यातील बऱ्याच पोथ्या गुजरातेत, पाटण-खंबायतच्या बाजूस, लिहिल्या गेल्या होत्या. त्या उंटांच्या पाठीवरून आल्या. ज्या वाटेने त्या आल्या ती वाट त्यांच्यासाठी म्हणून कोणी पाडली नव्हती; व्यापाऱ्यांनी ती आधीच मळवून ठेवली होती. जैसलमेरचा इतिहास हा वस्तुतः ह्या वाटांचा इतिहास आहे, आणि त्याला दुर्गम म्हणण्याची आपली सवय किती अलीकडची आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की मरुभूमीत ‘रस्ता’ ह्या शब्दाचा अर्थ इतर प्रदेशांहून भिन्न होतो. सह्याद्रीच्या घाटात खडक फोडून वाट काढावी लागते आणि एकदा काढली की ती शतकानुशतके डोळ्यांना दिसते. नाणेघाटातील लेणी आणि दगडी रांजण आजही वाटसरूस वाटेची साक्ष देतात. वाळूत अशी साक्ष राहत नाही. सकाळी उमटलेला उंटाचा पाय संध्याकाळच्या वाऱ्यानंतर शिल्लक असेलच असे नाही. तेथे वाट म्हणजे जमिनीवरील रेघ नसून पाण्याच्या ठिकाणांची माळ असते. एका विहिरीपासून दुसऱ्या विहिरीपर्यंतचे अंतर, त्या पाण्याची गोडी वा खारटपणा, ते कोणत्या महिन्यापर्यंत पुरते आणि त्यावर कोणाचा हक्क आहे, ह्या चार गोष्टी ज्याला ठाऊक त्याला वाट ठाऊक. ज्याला त्या ठाऊक नाहीत त्याच्यापुढे चहूकडे मोकळे मैदान असूनही वाट नाही.

ह्या पाण्याचे प्रकारही एका तऱ्हेचे नाहीत. पावसाचे पाणी अडविणारी नाडी आणि तलाव, अंगणातील पाणी साठविणारी टाकी, आणि काही विशिष्ट भागांत आढळणाऱ्या अरुंद ‘कुई’ अथवा ‘बेरी’ हे त्यांतले मुख्य. कुईचे गमक भूगर्भात आहे. तेथे वाळूच्या खाली जिप्समचा थर पसरलेला असतो. पावसाचा ओलावा त्या थरावर थबकतो आणि त्याखालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. तो ओलावा थेंबाथेंबाने पाझरून कुईत जमतो. अनुपम मिश्र ह्यांनी ‘राजस्थान की रजत बूँदें’ ह्या १९९५ च्या ग्रंथात ह्या विद्येचे जे वर्णन केले आहे, ते वाचल्यावर मरुभूमीच्या रहिवाशांना अडाणी म्हणण्याचे धाडस होणार नाही. खुद्द जैसलमेर नगर शतकानुशतके ज्या गडीसर तलावावर जगले, तो चौदाव्या शतकातील रावळ घडसीच्या नावाने ओळखला जातो; आणि काफिल्यांचे स्वागत प्रथम हा तलाव करीत असे, नगर त्यानंतर.

खोल विहिरींची कथा वेगळीच. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, जो पुढे पुण्यास पेशव्यांच्या दरबारी वकील आणि नंतर मुंबईचा गव्हर्नर झाला, तो १८०८ साली काबूलच्या वकिलातीवर जाताना दिल्लीहून बिकानेर आणि पूगळमार्गे बहावलपूरला गेला. ह्या वाटेवरच्या विहिरी तीनशे फूट खोल असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. त्याच्या आधी दोन शतके, विजापूरच्या दरबारी बसून इतिहास लिहिणाऱ्या फिरिश्त्याने हुमायूनच्या वनवासाच्या प्रसंगात असाच तपशील दिला आहे. विहीर इतकी खोल होती की मोट वर पोहोचली हे दूरवर गेलेल्या जनावराच्या हाकणाऱ्यास कळावे म्हणून नगारा वाजवावा लागे. दख्खनमध्ये मोटेचे गाणे असते. मोटेचा नगारा हा मात्र मरुभूमीचाच.

हुमायूनचा हा प्रसंग वाटांच्या इतिहासात महत्त्वाचा आहे. १५४२ च्या उन्हाळ्यात, जोधपूरच्या मालदेवाच्या आश्रयाची आशा मावळल्यावर, हुमायून फलोदीकडून जैसलमेरच्या मुलखातून उमरकोटकडे निघाला. बरोबर गरोदर हमीदाबानू बेगम होती. परवानगीवाचून आपल्या प्रदेशात शिरलेल्या ह्या लवाजम्याला जैसलमेरकरांनी अडविले. आणि अडविले ते तलवारीपेक्षा पाण्याने. वाटेवरच्या विहिरी वाळूने बुजविण्यात आल्या. गुलबदन बेगमच्या आठवणींत आणि जौहर आफताबचीच्या वृत्तांतात ह्या तहानेची वर्णने आहेत. त्याच वर्षाच्या ऑक्टोबर महिन्यात उमरकोटला अकबराचा जन्म झाला. वाट तोडावयाची झाल्यास पूल पाडावा लागतो असा इतर प्रदेशांचा अनुभव आहे. येथे विहीर बुजविली की वाट नाहीशी होते आणि ती उकरली की पुन्हा उत्पन्न होते. म्हणजे वाटेचे स्वामित्व हे विहिरीचे स्वामित्व होय, आणि भाटी राजसत्तेचे मर्म ह्या एका सूत्रात सामावलेले आहे.

३

भाटींच्या परंपरेने त्यांच्या राजधान्यांची जी मालिका सांगितली आहे, ती नकाशावर मांडून पाहण्यासारखी आहे. तनोट, देरावर, लोद्रवा आणि अखेरीस जैसलमेर. ह्यांपैकी देरावर आज पाकिस्तानातील बहावलपूरच्या बाजूस, कोरड्या पडलेल्या हाक्रा नदीच्या काठाशी उभे आहे. लोद्रवा जैसलमेरपासून सुमारे १५ किलोमीटरांवर. १०२५ साली गझनीचा महमूद मुलतानहून हजारो उंटांवर पाणी लादून सोमनाथकडे निघाला, तेव्हा त्याच्या मार्गात लोद्रवा लागले असावे असे काही इतिहासकारांनी प्रतिपादिले आहे. परंपरेने ११५६ हे वर्ष जैसलमेरच्या स्थापनेचे मानले जाते. उघड्या मैदानावरील लोद्रवा सोडून रावळ जैसलाने त्रिकूट टेकडीचा आश्रय केला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की राजधानी हलली ती वाटेवरून वाटेवरच हलली. राजाने सुरक्षितता शोधली. एकांत शोधला नाही.

ह्या टेकडीवरून चार दिशांस वाटा फुटत. पूर्वेस पोकरण आणि फलोदी ह्या ठाण्यांवरून नागौर व पुढे अजमेर-दिल्लीकडे. आग्नेयेस पालीच्या बाजारपेठेकडे आणि तेथून माळवा व गुजरातेकडे. उत्तरेस पूगळ-बिकानेर आणि मुलतानकडे. पश्चिमेस व नैऋत्येस रोहरी-सक्कर, उमरकोट आणि सिंधच्या खोऱ्याकडे. सिंधू आणि गंगा ह्या दोन नदीखोऱ्यांच्या मधला हा सेतू होता, आणि सेतूच्या मध्यावर जैसलमेर होते. शेती नाममात्र असलेल्या ह्या राज्याचा खजिना जकातीवर भरे. पिवळ्या दगडातील ती नाजूक जाळीकामे, त्या हवेल्या, ती मंदिरे, ही जमिनीच्या उत्पन्नातून निर्माण झालेली नव्हेत. ती वाटेच्या उत्पन्नातून उभी राहिली.

ह्या वाटांची लिखित मोजदाद करणाऱ्यांत मुहणोत नैणसी ह्या मारवाडच्या दिवाणाचे नाव अग्रगण्य आहे. त्याच्या ‘ख्यात’ ग्रंथात भाटींचा इतिहास विस्ताराने आला आहे. आणि ‘मारवाड रा परगनां री विगत’ ह्या दुसऱ्या ग्रंथात जैसलमेरच्या वाटेवरील फलोदी आणि पोकरण ह्या परगण्यांची गाववार माहिती आहे. गाव मुख्य ठाण्यापासून किती कोस, तेथे पाणी कसे, पीक कोणते, वस्ती कोणाची, ह्याची ती नोंद वाचताना आपण एका रूक्ष दप्तरापुढे बसलो आहोत असे प्रथम वाटते. परंतु वाट म्हणजे पाण्याचे ज्ञान हे एकदा पटले, की त्याच दप्तराचा प्रत्येक आकडा बोलू लागतो. ह्या नैणसीचा शेवट महाराष्ट्राच्या भूमीवर झाला हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. महाराजा जसवंतसिंग दक्षिणेच्या सुभ्यात असताना नैणसी आणि त्याचा भाऊ सुंदरदास ह्यांच्यावर त्यांची इतराजी झाली. औरंगाबादेहून जोधपूरकडे कैदेत नेले जात असता, १६७० साली, वाटेत फुलमरी येथे दोघा भावांनी आत्महत्या केली. ज्याने वाटा मोजल्या त्याला घरची वाट पुरी करता आली नाही.

वाटेला पाण्याइतकीच आणखी एका वस्तूची गरज होती, ती म्हणजे शब्द. लुटारूंच्या प्रदेशातून जाणारा काफिला चारण वा भाट ह्यांना सोबत घेई. चारण शस्त्राने रक्षण करीत नसे. काफिल्यास धक्का लागला तर मी आपले रक्त सांडीन, हा त्याचा धाक असे. चारणहत्येचे पाप आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या गायिली जाणारी अपकीर्ती ह्यांना लुटारूही भीत. म्हणजे कवीचा शब्द हा येथे अलंकार नव्हता. तो मालाचा विमा होता. वाङ्मयाला व्यवहारात इतके रोकडे मोल मिळाल्याचे दुसरे उदाहरण सहसा आढळणार नाही.

आणि वाङ्मयाने ह्या वाटांचे ऋण फेडले नाही असेही नाही. ‘ढोला-मारू’ची कथा ही मुळात दोन गावांमधल्या वाटेची कथा आहे. मारवणी पूगळची, ढोला नरवरचा. बालपणी लग्न झालेले आणि मध्ये मरुभूमी. घोड्यांचा सौदागर वार्ता आणतो, ढाढी गायक निरोप नेतात, आणि शेवटी उंट नायकाला वाहून नेतो. विरहाची ही कथा ज्या सामग्रीने बांधली आहे ती सर्व काफिल्याच्या जीवनातली आहे. जैन कवी कुशललाभाने ह्या कथेला चौपाईत गुंफले ते सोळाव्या शतकात, जैसलमेरच्या हरराजाच्या आश्रयाने.

त्याही मागे जावयाचे झाल्यास उद्द्योतनसूरीच्या ‘कुवलयमाले’कडे जावे लागेल. शके ७०० संपावयास एक दिवस उरला असताना, म्हणजे इ. स. ७७९ मध्ये, जालोर येथे पूर्ण झालेल्या ह्या प्राकृत कथेत एका बाजारपेठेचे वर्णन आहे. तेथे देशोदेशीचे व्यापारी आपापल्या बोलीत बोलतात. त्यांत मरुदेशीय आहेत, सैंधव आहेत, आणि मरहट्ठेही आहेत. मराठी भाषेच्या इतिहासकारांनी ह्या उताऱ्याचा वारंवार उल्लेख केला आहे. परंतु तो उतारा मरुभूमीच्या कडेला बसलेल्या एका साधूने लिहिला, आणि त्याच्या कानावर मराठी बोल वाटेवरच्या व्यापारामुळे पडले असले पाहिजेत, ह्या गोष्टीचा अर्थ आपण पुरता लावलेला नाही. ‘कुवलयमाले’च्या दोन जुन्या प्रती उपलब्ध झाल्या. ताडपत्रावरील जैसलमेरची, आणि कागदावरील पुण्याच्या भांडारकर संस्थेतील. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अध्यापन केलेल्या डॉ. आ. ने. उपाध्ये ह्यांनी त्यांवरून सिद्ध केलेली संहिता १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली. मरुभूमी आणि महाराष्ट्र ह्यांमधली जुनी वाट येणेप्रमाणे पाठचिकित्सेच्या टेबलावर पुन्हा एकदा जुळली.

४

मग ही वाट मोडली केव्हा? सामान्य समजूत अशी की सागरी व्यापार वाढला, मुंबईसारखी बंदरे उदयास आली आणि वाळवंटातील वाटा आपोआप ओस पडल्या. हे चित्र फार सोपे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, मुंबई बंदर भरात येत असतानाच, जैसलमेरची एक वाट पूर्वी कधी नव्हती इतकी गजबजली होती. ती अफूची वाट होय.

माळव्याची अफू चीनकडे जात असे, आणि ती मुंबईमार्गे जावी व तिच्यावर आपल्याला शुल्क मिळावे असा ईस्ट इंडिया कंपनीचा आग्रह होता. १८३० पासून त्यासाठी परवान्याची पद्धत सुरू झाली. हे शुल्क चुकविण्यासाठी व्यापाऱ्यांनी लांबचा वळसा पत्करला. माळव्यातून पाली, पालीहून जैसलमेर, तेथून सिंध ओलांडून कराची, आणि कराचीहून पोर्तुगिजांचे दमण. अमर फारूकी ह्यांनी १९९८ च्या आपल्या ग्रंथात ह्या चोरट्या व्यापाराकडे देशी भांडवलाने वसाहतसत्तेला केलेला प्रतिकार म्हणून पाहिले आहे. प्रतिकार हा शब्द कोणास मोठा वाटेल. चीनमधील व्यसनावर पोसलेल्या व्यापाराला तो लावताना मन कचरते. पण एवढे निश्चित की कंपनीच्या शुल्कापेक्षा उंटाचे भाडे स्वस्त पडत होते, आणि तोवर मरुभूमी जगाच्या व्यापाराबाहेर नव्हती. पटव्यांच्या प्रसिद्ध हवेल्या ह्याच काळातल्या. त्या घराण्यातील जोरावरमल बापना ह्यांची पेढी होळकरांच्या इंदुरातही होती, आणि १८१८ नंतर मेवाड राज्याची विस्कटलेली आर्थिक घडी बसविण्यात त्यांचा हात होता.

त्याच १८१८ च्या डिसेंबरात महारावळ मूलराजाने इंग्रजांशी तह केला. परंतु खरा आघात पंचवीस वर्षांनी बसला. १८४३ साली इंग्रजांनी सिंध जिंकला; कराचीची फट बुजली आणि मुंबईचे परवानाशुल्क त्यानंतर चढत गेले. वाळवंटाची वाट वाळवंटाने गिळली नाही. ती एका महसुली हिशेबाने बंद केली. पुढे लोहमार्ग आले. १८६१ मध्ये कराची-कोटरी लोहमार्ग सुरू झाला; १८८० नंतर अजमेर-अहमदाबाद लोहमार्गाने पालीचा टापू बंदरांना जोडला; १९०० मध्ये जोधपूरचा लोहमार्ग बाडमेरवरून सिंधमधील हैदराबादेस जाऊन भिडला. जैसलमेर बाडमेरच्या उत्तरेस सुमारे दीडशे किलोमीटर अंतरावर राहिले. सिंध आणि राजस्थान ह्यांना जोडणारा सेतू कायम होता. फक्त तो आता ह्या नगरावरून जात नव्हता.

कुलधरा आणि आसपासची पालीवाल ब्राह्मणांची गावे ओस पडली तीही ह्याच शतकात. दिवाण सालमसिंहाच्या अत्याचाराला कंटाळून चौऱ्यांशी गावांनी एका रात्रीत देशत्याग केला अशी कथा आहे. सालमसिंहाची जुलमी म्हणून अपकीर्ती होती ह्यात शंका नाही. तथापि पालीवाल हे ‘खडीन’ पद्धतीने पावसाचे पाणी अडवून गहू पिकविणारे आणि त्याचबरोबर व्यापारात भांडवल गुंतविणारे होते. पाणी आटणे, करांचा बोजा वाढणे आणि वाटेचा व्यापार मंदावणे ह्या तिन्ही गोष्टी त्यांच्यावर येऊन कोसळल्या असणे संभवते. लोककथेला एक खलनायक आणि एक रात्र पुरते. इतिहासाला अनेक वर्षे लागतात, आणि त्यांत बहुधा खलनायकाची नावे हिशेबाच्या वह्यांत विखुरलेली असतात.

५

१९४७ ने उरलेले काम पुरे केले. रोहरी, उमरकोट, देरावर, मुलतान ही जी गावे जैसलमेरच्या वाटांची दुसरी टोके होती, ती सारी सीमेपलीकडे गेली. सेतूचा एक तीर उरला. दक्षिणेकडील मुनाबाव-खोखरापार लोहमार्ग १९६५ च्या युद्धात खंडित झाला. फेब्रुवारी २००६ मध्ये तो पुन्हा जोडला गेला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये त्यावरील गाडी पुन्हा थांबली.

येथे एक विचित्र विरोधाभास दिसतो. जुन्या वाटा बंद झाल्या आणि त्यानंतरच ह्या प्रदेशात खऱ्या अर्थाने सडका झाल्या. १९६० च्या दशकात लोहमार्ग जैसलमेरला पोहोचला. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांनी, विशेषतः डिसेंबर १९७१ च्या लोंगेवाला येथील लढाईने, सीमेवरच्या डांबरी रस्त्यांची निकड पटविली. १९५८ साली काम सुरू झालेल्या राजस्थान कालव्याचे पाणी १९८० नंतरच्या दशकात जैसलमेर जिल्ह्यात खेळू लागले. सत्यजित राय ह्यांच्या १९७४ च्या ‘सोनार केल्ला’ चित्रपटानंतर बंगालमधून प्रवाशांची रीघ लागली. आज जोधपूरहून सुमारे २८५ किलोमीटरांचे अंतर मोटारीने काही तासांत कापता येते. ह्या सोयींना नावे ठेवण्याचे कारण नाही. ज्यांनी डोक्यावरून पाणी वाहिले त्यांना कालव्याचे मोल ग्रंथातून शिकावे लागत नाही.

परंतु जुन्या आणि नव्या रस्त्यांत एक भेद आहे. जुनी वाट विहिरीकडून विहिरीकडे जाई, म्हणून ती वाकडी होती, आणि प्रत्येक वळणावर कोणाची तरी वस्ती, कोणाचा तरी हक्क आणि कोणाचा तरी शब्द होता. नवा रस्ता सरळ आहे; त्याला पाण्याची गरज नाही, म्हणून माणसांचीही फारशी नाही. जुनी वाट पलीकडे जाण्यासाठी होती, नवी सडक सीमेपर्यंत जाते आणि तेथे थांबते. जुन्या वाटेच्या दृष्टीने जैसलमेर मध्यावर होते. नव्या सडकेच्या दृष्टीने ते टोकाला आहे. नगर आपल्या जागेवरून हललेले नाही. हलली आहे ती आपली नजर.

म्हणूनच ‘दुर्गम जैसलमेर’ हा शब्दप्रयोग आपण जपून वापरला पाहिजे. दुर्गमता हा भूगोलाने दिलेला शाप नसून ती इतिहासाने, १८४३, १९०० आणि १९४७ अशा निश्चित वर्षांत, निर्माण केलेली वस्तू आहे. आपल्या देशातील ज्या ज्या प्रदेशांना आपण सीमांत म्हणून वाङ्मयाच्या इतिहासात शेवटचे प्रकरण देतो, त्यांच्याविषयी हाच प्रश्न विचारून पाहावा : हे टोक केव्हापासून टोक झाले?

१९५० च्या सुमारास मुनी पुण्यविजयजींनी जैसलमेरच्या भांडारातील पोथ्यांची नव्याने व्यवस्था लावली. त्या पोथ्यांपैकी बिल्हणाच्या काव्यात, शेवटच्या सर्गात, कवीने काश्मिरातून निघून मथुरा, प्रयाग, काशी, सोमनाथ अशी पायपीट करीत कल्याणीपर्यंत केलेल्या आपल्या प्रवासाचा वृत्तांत दिला आहे. त्या मार्गात जैसलमेर नव्हते. बिल्हणाच्या काळी ते वसलेही नव्हते. कवी जेथे कधी गेला नाही तेथे त्याचे काव्य गेले, दक्षिणेच्या पानावर बसून, अनोळखी उंटवाल्यांच्या सोबतीने, विहिरीमागून विहीर ओलांडीत. त्या उंटवाल्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. पोथी मात्र पोहोचली.